लाइट येते, वायफाय येतं, नेट मात्र येत नाही: घरात दोन राऊटर असतील तर आधी हे बघा

गुरुवारी लाइट जाऊन येते, पंखे फिरायला लागतात, मोबाईलवर वायफायची खूण पूर्ण भरते आणि खाली बारीक अक्षरात लिहून येतं, कनेक्टेड, नो इंटरनेट. पुण्यात राहणाऱ्यांना गुरुवारचं (दुरुस्तीसाठी लाइट जाण्याचा वार) वेगळं सांगायला नको. पण हे गुरुवारपुरतंच नसतं, एप्रिल-मेमधे वळवाचा पाऊस आला आणि लाइट गेली की तेव्हाही हेच. त्यातून वैताग असा की सगळ्यांचं बंद पडत नाही. हॉलमधला टीव्ही मस्त चालू, त्यावर सासूबाईंचं कीर्तन चालू, आणि आतल्या खोलीत ज्याची हिंजवडीच्या ऑफिसबरोबर मीटिंग आहे नेमकं त्याचंच बंद. मग राऊटर बंद-चालू करायचा, कधी चालतं, कधी नाही, कधी त्याचं चालू होऊन दुसऱ्याचं जातं. नेटवाल्याला फोन केला की तो म्हणतो मॅडम इकडून लाइन ओके आहे, आणि आपण त्याच्यावर चिडतो. खरं म्हणजे तो बरोबर बोलत असतो, लाइन ओकेच असते.

आमच्या नात्यात आणि सोसायटीत कुणाचंही नेट गेलं की फोन मलाच येतो (ऑफिसात नेटवर्कचं काम करते हे एकदा कळलं की सुटका नाही), त्यामुळे हा प्रकार इतक्यांदा बघितलाय की आता नुसतं "काहींचं चालतंय, काहींचं नाही, आणि लाइट गेल्यापासून" एवढं ऐकलं तरी पहिला प्रश्न विचारते, घरात जुना राऊटर कुठे लावलाय का? तर हो, लावलेला असतो, बेडरूममधे रेंज येत नव्हती म्हणून.

आता पहिली गोष्ट, राऊटर लगेच रीस्टार्ट करू नका. मला माहितीये हात आपोआप स्विचकडे जातो, पण रीस्टार्ट केलं की जे बघायला हवं तेच पुसलं जातं आणि पुढच्या वेळी परत पहिल्यापासून सुरुवात. आधी ज्या विंडोज लॅपटॉपवर नेट बंद आहे त्यावर कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि आयपीकॉन्फिग टाइप करून एक स्पेस आणि स्लॅश ऑल (ipconfig /all). बरंच काय काय येईल, घाबरू नका, त्यातल्या तीनच ओळी बघायच्या, आयपीव्ही४ ॲड्रेस, डिफॉल्ट गेटवे आणि डीएचसीपी सर्व्हर. मोबाईलवर फोटो काढून ठेवा. मग ज्याचं नेट चालू आहे त्या मशीनवर तेच करा आणि दोन फोटो शेजारी ठेवून बघा. लॅपटॉप नसेल तर अँड्रॉइडवर वायफायच्या सेटिंगमधे नेटवर्कच्या नावाशेजारच्या चाकावर दाबलं की खाली आयपी आणि गेटवे दिसतात, आयफोनवर गोलातल्या आय वर दाबलं की राऊटर म्हणून जो नंबर असतो तोच गेटवे. एक मात्र करा, बघताना मोबाईल डेटा बंद ठेवा, नाहीतर वायफायवर नेट नसलं तरी फोन गुपचूप डेटावर जातो आणि तुम्हाला वाटतं चाललंय की.

दोन्हीकडे गेटवे सारखाच असेल, म्हणजे समजा दोन्हीकडे १९२.१६८.१.१, तर (दोन्ही राऊटरचा स्वतःचा पत्ताच एक नसेल तर) तुमचं दुखणं बहुधा वेगळं आहे, खाली शेवटी त्याबद्दल थोडं लिहिलंय तिकडे जा. पण चालणाऱ्या मशीनवर १९२.१६८.१.१ आणि न चालणाऱ्यावर १९२.१६८.०.१ असं काही दिसलं तर चोर सापडला. तुमच्या घरात नंबर वाटणारे दोन जण आहेत.

हे नक्की काय होतं ते सांगते, कारण हे कळलं नाही तर नुसत्या स्टेप्स करून उपयोग नाही, सहा महिन्यांनी परत होईल. कुठलंही मशीन वायफायला किंवा वायरीला जोडलं की त्याच्याकडे स्वतःचा नंबर, म्हणजे आयपी, नसतो. ते सगळ्या नेटवर्कभर ओरडतं, कुणी मला नंबर देता का. हे काम ज्याचं आहे त्याला डीएचसीपी सर्व्हर म्हणतात आणि घरात तो राऊटरमधेच असतो. तो म्हणतो हा घे नंबर, आणि बाहेर जायचं असेल तर या दारातून जा, म्हणजे गेटवे, आणि नावं शोधायची असतील तर याला विचार, म्हणजे डीएनएस. आता सोसायटीत दोन सेक्रेटरी असले आणि दोघंही पार्किंगचे नंबर वाटत सुटले तर जो आधी भेटेल त्याची पावती घेऊन माणूस गाडी लावायला जाणार, तसंच इथे. मशीन कुणाचा राऊटर खरा हे तपासत नाही. साधारण ज्याचं उत्तर पहिलं येईल ते घेऊन मोकळं होतं.

तर तुमच्या जुन्या राऊटरला नेटवाल्याच्या बॉक्समधून आलेली वायर बहुतेक वेळा लॅन पोर्टात (घरातली मशीनं जोडायची जागा) घातलेली असते, वॅनचा (बाहेरचं नेट आत घ्यायचा) वेगळ्या रंगाचा पोर्ट रिकामा. असं करण्यात तसं काही चूक नाही, उलट हीच चांगली पद्धत आहे, पण एका अटीवर, की जुन्या राऊटरचा डीएचसीपी बंद पाहिजे. तो चालू राहिला तर तो पण नंबर वाटणार आणि सांगणार की बाहेरचं दार मीच. त्याचा वॅन पोर्ट तर रिकामा, म्हणजे दार उघडलं की पुढे भिंत. म्हणून वायफाय कनेक्टेड, नंबर मिळालेला, सगळं हिरवं, आणि नेट नाही.

मग रोज का होत नाही, लाइट गेल्यावरच का? यातच गंमत आहे. हॉलमधला फायबरचा बॉक्स, म्हणजे नेटवाल्याने दिलेला मेन बॉक्स, ओएनटी म्हणतात त्याला, तो चालू झाल्यावर आधी स्वतः उठणार, मग फायबरवर पलीकडच्या मशीनशी जुळणार, त्यात दोन-तीन मिनिटं सहज जातात, आणि त्याचा डीएचसीपी नि वायफाय यातल्या कुठल्या टप्प्यावर चालू होतं ते मॉडेलवर आहे. जुना छोटा राऊटर साधा, तो बहुतेक वेळा त्याच्या कितीतरी आधी तयार होऊन बसतो. लाइट आल्या क्षणी घरातले सगळे फोन, टीव्ही, प्रिंटर एकदम नंबर मागतात आणि त्या वेळी उत्तर द्यायला एकटा जुना राऊटरच जागा असतो. इतर दिवशी दोघंही जागे असतात, तेव्हा शर्यत कधी हा जिंकतो कधी तो, म्हणून अधूनमधून एखाद्याचं बंद पडतं आणि आपण म्हणतो वायफायचा काही भरवसा नाही.

बरं, एकदा चुकीचा नंबर मिळाला की तो आपोआप सुटतही नाही. नंबर ठरावीक वेळासाठी मिळतो, त्याला लीज म्हणतात, टीपी-लिंकच्या बऱ्याच मॉडेलवर ती १२० मिनिटांची असते, काही बॉक्सवर २४ तासांची. अर्धी लीज संपली की मशीन परत विचारतं, पण सगळीकडे ओरडत नाही, ज्याने नंबर दिला त्यालाच थेट विचारतं, दादा वाढवून देता का. तो आनंदाने वाढवून देतो. डीएचसीपीच्या १९९७ च्या नियमांत हे असंच ठरलेलं आहे आणि एरवी ते शहाणपणाचंच आहे, पण आपल्या केसमधे त्याचा अर्थ असा की जुन्या राऊटरकडे अडकलेला लॅपटॉप दिवसभर त्याच्याकडेच अडकून राहतो. तुम्ही हॉलमधला बॉक्स रीस्टार्ट केला तरी लॅपटॉप बेडरूमच्या वायफायवर असला तर त्याला त्याचं सोयरसुतक नाही. उलट हॉलमधला बॉक्स बंद असताना टीव्हीने नंबर मागितला तर तोही जुन्याच्या नादी लागणार. म्हणून ते "एकाचं चालू झालं की दुसऱ्याचं जातं".

आता कुणी म्हणेल, माझ्या जुन्या राऊटरचा डीएचसीपी लावतानाच बंद केला होता. असेल की. पण तो राऊटर मधे कुणी रीसेट केलाय का? आत्याकडे कर्वेनगरला वर्षभर सगळं छान चाललं होतं आणि एकदम हे सुरू झालं, तर निघालं असं की वायफायचा पासवर्ड विसरला म्हणून भाच्याने मागच्या बारीक भोकात पिन घालून दाबली होती आणि पासवर्ड नवीन टाकला होता. पासवर्डचं काम झालं, पण रीसेटमुळे राऊटर दुकानातून आणला तेव्हा होता तसा झाला, आणि दुकानातून आणलेल्या राऊटरचा डीएचसीपी चालूच असतो.

जुना राऊटर नसेल तरी दुसरा वाटेकरी असू शकतो. न चालणाऱ्या मशीनवर गेटवे १९२.१६८.१३७.१ दिसला तर घरातल्या कुठल्यातरी विंडोज लॅपटॉपवर इंटरनेट शेअरिंग चालू राहिलंय, विंडोज त्यासाठी हाच नंबर वापरतं. आणि १६९.२५४ ने सुरू होणारा नंबर दिसला तर प्रकार उलटा आहे, दोन जण नाही, एकही जण उत्तर देत नाहीये, म्हणून मशीनने स्वतःच स्वतःला नंबर लावून घेतलाय. तिथे वायर, पोर्ट नाहीतर बंद पडलेला डीएचसीपी बघा.

पीजी आणि हॉस्टेलवाल्यांचं तर विचारूच नका. मजल्यावर एक स्विच (एका वायरीच्या अनेक करणारा डबा), त्यातून प्रत्येक खोलीत एकेक वायर, एका खोलीतल्या मुलीने घरून आणलेला राऊटर लावला आणि भिंतीतून आलेली वायर वॅनऐवजी लॅनमधे घातली की अख्ख्या मजल्याचं नेट जाऊ शकतं, आणि ज्या खोलीने केलं त्यांना पत्ता नसतो. फ्लॅटपर्यंत फायबर न आणता जिन्यातल्या डबीतून लॅन वायर आणणाऱ्या कनेक्शनवरही हे होऊ शकतं. ऑफिसात यावर उपाय स्विचमधेच असतो, डीएचसीपी स्नूपिंग म्हणतात त्याला, कुठल्या पोर्टावरून आलेले नंबर खरे मानायचे ते सांगून ठेवायचं, बाकीच्यांची उत्तरं स्विच फेकून देतो. पीजीचा मालक असला स्विच घेत नाही, कारण साधा त्यापेक्षा बराच स्वस्त मिळतो.

खात्री करायची असेल तर सोपी युक्ती. मेन बॉक्सच्या लॅन पोर्टांतल्या सगळ्या वायरी काढा. उरलेल्या नेटवर्कवर एक लॅपटॉप ठेवा, म्हणजे जुन्या राऊटरच्या वायफायवर किंवा वायरीवर, आणि आयपीकॉन्फिग स्लॅश रिलीज, मग आयपीकॉन्फिग स्लॅश रिन्यू. खरं तर आता कुणीच नंबर द्यायला नको, मिनिटभर वाट बघून १६९.२५४ वाला आला पाहिजे. तरी चांगला नंबर आला, तर ज्याने दिला त्याचा पत्ता डीएचसीपी सर्व्हरच्या ओळीत लिहिलेला आहे. ब्राउझरमधे तो पत्ता टाका, त्याचं लॉगिनचं पान उघडेल आणि कुठल्या कंपनीचा कुठला डबा ते तिथेच कळेल.

आता दुरुस्ती. जुना राऊटर मेन बॉक्सपासून वेगळा करा, वायर काढूनच काम करा, नाहीतर करताना अजून गोंधळ. लॅपटॉप त्याला वायरीने जोडा. नवीन मॉडेल असेल तर सेटिंगमधे एक्सेस पॉइंट मोड असं थेट दिसेल, तो निवडला की डीएचसीपी वगैरे सगळं तो स्वतःच बंद करतो, झालं काम, वायर बहुतेक मॉडेलमधे वॅनमधे घातली तरी चालते. मोड नसेल तर हाताने करायचं आणि इथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी लॅनच्या पानावर जाऊन त्याचा स्वतःचा पत्ता बदला. मेन बॉक्स १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२५० द्या, मेन बॉक्स जे नंबर वाटतो त्या रेंजच्या बाहेरचा. मेनची रेंज २ ते २५४ अशी पूर्ण असेल तर आधी मेनमधे जाऊन ती १०० ते २०० करा. पत्ता बदलला की राऊटर बहुधा रीस्टार्ट होतो, मग नवीन पत्त्यावर लॉगिन करा आणि आता डीएचसीपी सर्व्हर डिसेबल करा, सेव्ह करा. डीएचसीपी आधी बंद केला तर लॅपटॉपला नंबरच मिळणार नाही आणि तुम्ही बाहेर अडकाल, मग लॅपटॉपला हाताने १९२.१६८.०.५० असा नंबर आणि २५५.२५५.२५५.० असा मास्क देऊन आत शिरावं लागतं. जमतं, पण कशाला.

मग मेन बॉक्सच्या लॅनमधून वायर जुन्याच्या लॅनमधे, वॅन रिकामा ठेवा, त्यावर चिकटपट्टी लावून टाका म्हणजे पुढच्या वेळी कुणी हौशी माणूस वायर हलवणार नाही. राऊटरच्या पाठीवर मार्करने नवीन पत्ता आणि "रीसेट करू नये" असं लिहा. पुण्यात पाट्या लावायला कुणाची हरकत नसते.

काही जण सांगतात एवढं कशाला, वायर वॅनमधे घाला, दोन वेगळी नेटवर्क होतील आणि भांडण संपेल. संपतं हे खरं, नुसतं यूट्यूब बघायचं असेल तर चालवून घ्या. पण मग हॉलमधला प्रिंटर बेडरूमच्या लॅपटॉपला आपोआप सापडत नाही, मोबाईलवरून टीव्हीवर कास्ट होत नाही, कारण शोधाशोधीचा तो आरडाओरडा राऊटरच्या पलीकडे जातच नाही. आणि दोन्ही राऊटर १९२.१६८.१ चेच असले तर जुन्याला कळतच नाही आत कुठलं आणि बाहेर कुठलं, काही मॉडेल आपोआप नंबर बदलून घेतात, बाकीच्यांचं नेट पूर्ण बंद. मी तरी घरात हे करत नाही.

झालं की तपासा. दोन्ही राऊटरचं बटण एकदम बंद करा, थोडं थांबा, एकदम चालू करा, म्हणजे लाइट जाऊन आल्यासारखंच. पाच मिनिटांनी घरातल्या प्रत्येक मशीनवर गेटवे बघा, सगळीकडे मेनचाच पाहिजे. एखादा हट्टी फोन जुनाच दाखवत असेल तर त्यावर नेटवर्क फरगेट करून परत जोडा. लाइट आल्यावर पहिली दोन-तीन मिनिटं नेट नसेल, ते ओएनटीचं उठणं आहे. तेही नको असेल तर मिनी यूपीएस घ्या, पुण्यात तपकीर गल्लीत मिळतात, फक्त दोन्ही अडॅप्टरवर किती व्होल्ट आणि किती अँपिअर लिहिलंय ते बघून जा आणि पिन बरोबर घेऊन जा. ओएनटी आणि जुना राऊटर दोघांनाही लावा, नुसत्या ओएनटीला लावला तर बेडरूमचं वायफाय लाइट येईपर्यंत बंदच.

आता गेटवे सगळीकडे बरोबर आणि तरी नेट नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात. कमांड प्रॉम्प्टमधे पिंग ८.८.८.८ (ping 8.8.8.8) करून बघा, बाहेरून उत्तर येतंय का ते त्यातून कळतं. उत्तर येतंय पण साइट उघडत नाही तर डीएनएस, राऊटरमधे ८.८.८.८ किंवा १.१.१.१ टाका. काही साइट उघडतात आणि काही नुसत्या फिरत बसतात, विशेषतः ऑफिसच्या व्हीपीएनवर, तर राऊटरमधे एमटीयू (एका वेळी जाणाऱ्या पुडक्याची कमाल लांबी, बाइटमधे) बघा, पीपीपीओईवर (युजरनेम-पासवर्डने लॉगिन होणारं कनेक्शन) १५०० नाही, १४९२ असतो, कारण ८ बाइट त्याच्या स्वतःच्या वेष्टनात जातात. पिंगचंही उत्तर नाही तर मेन बॉक्सच्या स्टेटसच्या पानावर वॅनचा आयपी बघा. तिथे ०.०.०.० असेल आणि कनेक्शन पीपीपीओईचं असेल तर कधीकधी असं होतं की लाइट अचानक गेल्यामुळे तुमचं आधीचं लॉगिन पलीकडे अजून चालूच धरलेलं असतं आणि दुसऱ्यांदा आत घेत नाहीत. अशा वेळी सारखं बंद-चालू करत बसू नका, बॉक्स दहा मिनिटं बंद ठेवून मग चालू करा, नाहीच झालं तर नेटवाल्याला सांगा जुनं सेशन काढा, एवढं म्हटलं की त्याला कळतं. वॅनवर १००.६४ ते १००.१२७ मधला आयपी दिसला तर घाबरू नका, नेटवाल्याने एकच पब्लिक आयपी बऱ्याच जणांत वाटलाय, नेट त्याने बंद पडत नाही, फक्त बाहेरून घरचा कॅमेरा थेट बघता येत नाही.

आणि मेन बॉक्सवर एलओएसचा (सिग्नल नसल्याचा) लाल दिवा लागला असेल तर वरचं काहीच करू नका. फायबरवर उजेडच येत नाहीये. ती पिवळी बारीक वायर कपाटामागे दुमडली गेलीय का एवढं बघा. दिवा लाल नाही पण नेट सारखं तुटतंय तर स्टेटसच्या पानावर आरएक्स पॉवर, म्हणजे फायबरवरून येणाऱ्या उजेडाचा जोर, बघा, उणे २७ डीबीएमच्या आसपास किंवा त्याहून खाली असेल तर सिग्नल काठावर आहे. फोन करताना तोच आकडा सांगा, "नेट स्लो आहे" सांगितलं तर तो परत रीस्टार्टच करायला लावेल.